विस्थापित मजूर आणि अनुबोधपट

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यांत सौंदड नांवाचें गांव आहे. नागपूर, भंडारा, साकोली असा येऊन पुढें कोहमारा व देवरी ओलांडून छत्तीसगढांत रायपूरकडे आणि तेथून कलकत्त्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ह्या गांवावरून जातो. गोंदियाहून निघून नागभीड व चांद्यावरून बल्लारपूरकडे उतरणाऱ्या लोहमार्गावरील एक स्थानकहि येथेंच आहे. भोंवतालचा मुलूख धानाचा, जुन्या मालगुजारी तलावांचा आणि जंगलाचा. दिवाळीच्या सुमारास धान कापणीस येतें. मळणी आटोपली म्हणजे ज्याच्यापाशीं ओलिताची सोय नाहीं त्याच्या हाताला गांवांत काम उरत नाहीं. मग कोणी नागपूरच्या इमारतींवर गारा वाहण्यास जातो, कोणी पुण्यामुंबईकडील कारखान्यांत कंत्राटदाराच्या हाताखालीं लागतो. पूर्व विदर्भांतून मिरची तोडण्याकरितां तेलंगणांत उतरणारीं कुटुंबेंहि पुष्कळ. पावसाळा तोंडावर आला कीं रोवणीसाठीं ह्यांतलीं बरींच माणसें परततात. हें येणेंजाणें ह्या भागांत इतकें अंगवळणीं पडलेलें आहे कीं त्याची बातमी होत नाहीं.

ती बातमी २०२० सालीं झाली. २४ मार्चच्या रात्रीं देशभर टाळेबंदी जाहीर झाली व मध्यरात्रीपासून ती अंमलांत आली. आगगाड्या थांबल्या, एस. टी. थांबली, बांधकामें बंद पडलीं. मजुरी बंद, खोलीचें भाडें मात्र चालू; शिधापत्रिका गांवाकडच्या पत्त्याची, त्यामुळें शहरांतल्या स्वस्त धान्याच्या दुकानांत बहुतेकांच्या ती कामाला येईना. अशा स्थितींत महाराष्ट्रांतील शहरांतून छत्तीसगढ, झारखंड, ओडिशा व बंगाल ह्या राज्यांकडे निघालेले मजूर पूर्वेची हीच सडक धरून चालूं लागले. मजुरांसाठीं खास आगगाड्या सुरू झाल्या त्या १ मे रोजीं, म्हणजे पांच आठवड्यांनंतर. आणि त्यानंतरहि चालणारे थांबले नाहींत. ८ मेच्या पहाटे, जालन्याहून भुसावळकडे रुळांच्या कडेनें निघालेले सोळा मजूर औरंगाबाद जिल्ह्यांत करमाडजवळ रुळांवरच झोंप लागली असतां मालगाडीखालीं सांपडून मेले. मध्य प्रदेशांतील आपल्या गांवाकडे नेणारी गाडी भुसावळला मिळेल, ह्या आशेनें ते निघाले होते.

त्या दोन महिन्यांत ज्याच्या हातांत कॅमेरा होता त्यानें तो रस्त्यांकडे वळविला. डोक्यावर गांठोडें, खांद्यावर मूल, पायांतील चपलेचा तुटलेला अंगठा: हीं चित्रें घरोघरीं पोहोंचलीं व तीं पाहून शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबांचें मन द्रवलें. ह्या चित्रांना एकच मथळा असे, ‘मजूर घरीं निघाले.’ वरवर पाहतां त्यांत कांहींच चूक नाहीं. परंतु हा मथळा एक गोष्ट गिळून टाकतो. ज्यांनीं पांच, दहा, वीस वर्षें धारावींत, भिवंडींत, पिंपरींत किंवा नागपूरच्या एखाद्या वस्तींत काढलीं, ज्यांचीं मुलें तेथल्या शाळेंत जात होतीं, त्यांचें तेथेंहि एक घर होतें. दहा फूट लांबीरुंदीची, पाळीपाळीनें झोंपण्याची कां होईना, पण खोली होती. चूल होती, शेजार होता, वाण्याकडे उधारीची वही होती. मजूर घरीं निघाले हें जितकें खरें, तितकेंच ते घर सोडून निघाले हेंहि खरें. परराज्यांत नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठीं १९७९ सालीं जो कायदा झाला, त्यांत प्रवासभत्त्याबरोबर एका विस्थापन-भत्त्याचीहि तरतूद होती. म्हणजे गांवाहून शहरांत जाणें हें विस्थापन होय, हें सरकारनें कागदोपत्रीं मान्य केलेलें होतें. शहरांतून उठविलें जाणें हेंहि विस्थापनच, हें मात्र कोणत्याहि भत्त्याच्या हिशेबांत बसलें नाहीं.

चित्रपटाच्या ज्या शाखेला अनुबोधपट म्हणतात, तिचें ह्या विषयाशीं नातें पुष्कळ जुनें आहे. आपल्याकडे घडलेल्या घटनेचें चित्रण करण्याचा आरंभ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा ह्यांनीं केला. १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डन्समध्यें झालेली एक कुस्ती त्यांनीं कॅमेऱ्यांत टिपली. त्याच सुमारास, प्लेगच्या सांथीनंतर, १८९८ सालीं स्थापन झालेली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था मुंबईंत दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद करीत होती आणि मजुरांचीं बिऱ्हाडें एका गल्लींतून उठून दुसऱ्या गल्लींत दाटी करीत होतीं. कॅमेरा शहरांत आलेला होता. परंतु तो गल्लींत शिरला नव्हता. त्या काळीं कॅमेरा कुस्तीकडे पाही, मिरवणुकीकडे पाही.

गल्लींत शिरण्याचें काम लंडनमध्यें १९३५ सालीं झालें. आर्थर एल्टन व एडगर ॲन्स्टी ह्यांनीं ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ हा लहानसा अनुबोधपट काढला. झोपडपट्टींतील माणसें स्वतःच्या खोलींत उभीं राहून कॅमेऱ्याकडे तोंड करून स्वतःच्या शब्दांत बोलत आहेत, उंदीर, ओल, मोडका जिना ह्यांविषयीं सांगत आहेत, असें तोंवर कोणीं दाखविलें नव्हतें. ह्या चित्रपटाचा खर्च मात्र गॅस पुरविणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संघानें केला होता. म्हणून जुन्या खोल्या पाडणें आणि गॅसच्या चुली असलेलीं नवीं घरें बांधणें हाच त्यांत अखेरचा उपाय ठरतो. घरें पडल्यावर जुन्या शेजाराचें काय होतें, नव्या घराचें भाडें कोणाला झेपतें, हे प्रश्न त्यांत येत नाहींत. अनुबोधपट पाहतांना त्याचा खर्च कोणीं केला हें आधीं विचारावें, असें ह्या विषयांतील जाणते सांगतात तें ह्यासाठींच.

मुंबईंत ह्या विषयाला तोंड फुटलें तें १९८१ सालीं. त्या वर्षीं १३ जुलै रोजीं मुख्यमंत्री अंतुले ह्यांनीं, पदपथांवर राहणाऱ्यांना उठवून ज्याच्या त्याच्या मूळ गांवीं धाडण्यांत येईल, असें जाहीर केलें. भर पावसाळ्याचे दिवस होते. सर्वोच्च न्यायालयापुढें पुढें जें प्रकरण चाललें, त्याच्या निकालपत्रांत त्या दिवसांतील एक हकीकत नोंदलेली आहे. तामीळनाडूंतील सेलमचा एक भूमिहीन मजूर १९६१ सालीं मुंबईंत आला. २३ जुलै १९८१ रोजीं त्याची झोपडी पाडण्यांत आली व त्याला कुटुंबासह सेलमच्या बसमध्यें बसविण्यांत आलें. बायकामुलें तिकडेच राहिलीं. तो कामाच्या शोधांत मुंबईस परतला आणि पुन्हां पदपथावरच राहूं लागला. निकालपत्रांतील हीं चारदोन वाक्यें वाचलीं म्हणजे ‘मूळ गांवीं धाडणें’ ह्या शब्दांतला पोकळपणा कळतो. वीस वर्षांपूर्वीं जें गांव अन्न देऊं शकलें नाहीं, तें बसगाडी येऊन उभी राहिली म्हणून देऊं लागणार नव्हतें.

त्याच प्रकरणांत विलेपारल्याच्या कामराज नगर वस्तीचाहि उल्लेख आहे. द्रुतगति महामार्गाच्या कडेनें पाण्याचे नळ घालणाऱ्या बांधकाम कंपनीच्या मजुरांनीं १९६० च्या सुमारास ती वसविलेली होती. शहराला पाणी आणणाऱ्यांनीं त्या नळांशेजारीं झोपड्या बांधल्या आणि वीस वर्षांनीं त्याच शहराला त्या अडथळा वाटूं लागल्या. १० जुलै १९८५ रोजीं सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्या खंडपीठानें निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हें तत्त्व त्यांत प्रथम इतक्या स्पष्टपणें मांडलें गेलें; आणि तरीहि रीतसर कारवाई करून झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकार कायम राहिला. फक्त पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, हात लावूं नये असें सांगण्यांत आलें. १९७६ च्या गणनेंत ज्यांना ओळखपत्रें मिळालीं होतीं त्यांना पर्यायी जागा द्यावी, हेंहि सांगितलें. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ह्या निकालाचा पहिला अर्धा भाग पाठ असतो. पदपथावरच्या माणसाला दुसऱ्या अर्ध्याचा अनुभव आला.

ह्याच काळांत आनंद पटवर्धन हे मुंबईच्या झोपड्यांवर चित्रपट काढीत होते. तो १९८५ सालीं पुरा झाला. त्याचें नांव ‘हमारा शहर’. इंग्रजींत ‘बाँबे अवर सिटी’. ह्या चित्रपटाची रचना साधी आहे. एकीकडे झोपड्यांवर चालणारे हातोडे, बांबू व पत्रे वाहून नेणारे पालिकेचे ट्रक, पावसांत उघड्यावर पडलेला संसार. दुसरीकडे अधिकाऱ्यांचीं व सुखवस्तु नागरिकांचीं भाषणें. पटवर्धन मध्यें पडून कांहीं सांगत नाहींत. शहर घाण करणारे हे लोक कोठून आले, असें कोणी सुस्थितींतला गृहस्थ म्हणतो, आणि लगेच पुढच्या चित्रांत ते लोक त्याच शहराच्या इमारती बांधतांना दिसतात. अनुबोधपटाचा युक्तिवाद बहुधा असाच असतो. तो एका चित्राशेजारीं दुसरें ठेवल्यानें होतो. म्हणूनच त्यांत लबाडीलाहि जागा आहे, आणि प्रेक्षकाला सावध राहावें लागतें.

ह्या चित्रपटांत एक प्रसंग आहे, आणि अनुबोधपटाविषयीं बोलतांना त्याच्याकडे वारंवार परतावें लागतें. झोपडी पाडून टाकलेल्या जागेवर एक स्त्री बसलेली आहे. कॅमेरा तिच्याकडे वळतो, आणि ती कॅमेरेवाल्यांवरच उलटते. गरिबांचीं चित्रें घेऊन नांव मिळवावयाचें, ह्यापलीकडे ही मंडळी काय करणार, घर बांधून देणार आहेत काय, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. चित्रें घेऊं नका, असें ती बजावते.

ह्या ठिकाणीं दिग्दर्शकापुढें तीन वाटा होत्या. कॅमेरा बंद करावा, ही पहिली. चालू ठेवावा आणि संकलनाच्या वेळीं तो भाग गुपचूप कापून टाकावा, ही दुसरी. बहुतेक चित्रपट हीच वाट धरतात, कारण प्रेक्षकाला दुःख पाहावयाचें असतें, दुःख पाहणाऱ्यावरचा आरोप ऐकावयाचा नसतो. तिसरी वाट तो आरोप चित्रपटांतच ठेवण्याची. पटवर्धनांनीं ती धरली. त्यानें प्रश्न सुटला असें मुळींच नाहीं. तिनें घेऊं नका म्हणून सांगितलें आणि तिचें चित्र तर घेतलें गेलें. आज चाळीस वर्षांनंतरहि जगांतल्या विद्यापीठांतून तें दाखविलें जातें. तिच्या रागाचें त्यांत सोनें झालें. तें तिच्या पदरांत पडलें नाहीं. तरीहि तो प्रसंग वगळला असता तर चित्रपट खोटा झाला असता, हेंहि तितकेंच खरें. ह्या दोन गोष्टी एकमेकींना खोडून काढीत नाहींत, आणि विस्थापितांवर चित्रपट काढणाऱ्याला दोन्ही बरोबर घेऊनच काम करावें लागतें.

चित्रपटाचें बाहेरील भवितव्यहि चमत्कारिक होतें. त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. पण सरकारच्याच दूरदर्शनवर तो दिसण्यास चार वर्षें न्यायालयांत झगडावें लागलें. आणि त्या स्त्रीनें विचारलेल्या घराच्या प्रश्नाला जें थोडेंबहुत उत्तर मिळालें, तें पडद्याबाहेर मिळालें. १९८६ सालीं दक्षिण मुंबईंतील संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली, तेव्हां तेथील रहिवाशांबरोबर पटवर्धन व अभिनेत्री शबाना आझमी उपोषणास बसले. निवारा हक्क सुरक्षा समितीनें लढा चालविला आणि अखेर त्या लोकांना गोरेगांवच्या दिंडोशी भागांत पर्यायी जमीन मिळाली. जमीन शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, कामधंदे दक्षिणेला. परंतु पायाखालीं जमीन आली. ‘हमारा शहर’मध्यें ज्यांचें गाणें ऐकूं येतें ते शाहीर विलास घोगरे मुलुंडच्या झोपडपट्टींत राहत. घाटकोपरच्या रमाबाई नगरांत ११ जुलै १९९७ रोजीं गोळीबार होऊन दहा माणसें मेलीं, त्यानंतर चार दिवसांनीं त्यांनीं आत्महत्या केली. त्या मृत्यूपासून सुरू होणारा ‘जय भीम कॉम्रेड’ हा पटवर्धनांचा चित्रपट २०११ सालीं पुरा झाला. ज्याचें चित्र एकदां घेतलें त्याच्याशीं संबंध चौदा वर्षें तुटूं दिला नाहीं, ह्याचें हें उदाहरण होय.

येथें यंत्राविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. ‘हमारा शहर’ सोळा मिलिमीटरच्या फितीवर घेतला गेला. अशा कॅमेऱ्यांत एका वेळीं सुमारें अकरा मिनिटांची फीत बसे. ती महाग, धुण्याचा खर्च वेगळा, आणि ध्वनि दुसऱ्या यंत्रावर टिपावा लागे. म्हणून कळ दाबण्यापूर्वीं माणसांशीं बोलावें लागे, त्यांच्यांत बसावें लागे. २०२० सालीं प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा होता व त्याला फितीचा खर्च नव्हता. त्याचा लाभ उघड आहे: चालणाऱ्या मजुरांनीं स्वतःच स्वतःचीं चित्रें घेतलीं, आणि हें पूर्वीं कधीं घडलेलें नव्हतें. तोटाहि उघड आहे. धांवत्या मोटारींतून खिडकीची कांच खालीं करून घेतलेल्या वीस सेकंदांच्या चित्रांत माणसाला नांव नसतें, मागील घर नसतें, पुढचें गांव नसतें.

त्या काळांतील ज्या चित्रपटांनीं ह्याहून अधिक कांहीं केलें, त्यांत विनोद कापरी ह्यांचा ‘१२३२ केएमएस’ हा एक. दिल्लीजवळच्या गाझियाबादेहून बिहारमधील सहरसापर्यंत सायकलींवर निघालेल्या सात मजुरांबरोबर कापरी सात दिवस राहिले. चित्रपट २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. सात दिवसांत माणसांचे स्वभाव कळतात, कोण चिडतो, कोण विनोद करतो, कोण मागें पडतो हें दिसतें. चित्रांतील मजूर हा नुसता मजूर राहत नाहीं. मुंबईंतील स्त्रीचा प्रश्न मात्र येथेंहि निराळ्या रूपानें उभा राहतो. मोटारींत बसून सायकलीचें चित्र घेणाऱ्यानें सायकलवाल्याला मोटारींत घ्यावें कीं नाहीं? घेतलें तर प्रवास संपला व चित्रपटहि संपला.

ह्या सगळ्या चित्रणाची किंमत मात्र त्या वर्षीं एका अनपेक्षित ठिकाणीं कळून आली. १४ सप्टेंबर २०२० रोजीं लोकसभेंत सरकारला विचारण्यांत आलें कीं टाळेबंदींत गांवीं परततांना किती मजूर मरण पावले व त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली काय. लेखी उत्तर आलें कीं अशी आंकडेवारी ठेवलेली नाहीं, सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाहीं. एक कोटी चार लाखांहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले, ही संख्या मात्र सरकारपाशीं होती. जेथें नोंदवही कोरी आहे, तेथें वाटसरूंचीं हींच चित्रें पुरावा म्हणून उरतात. त्या दृष्टीनें पाहिलें तर चित्र घेणें हें कर्तव्य ठरतें, आणि घेऊं नका म्हणणाऱ्या स्त्रीचेंहि म्हणणें रास्तच राहतें.

ह्यांतून मार्ग काढणाऱ्या चित्रपटकाराला कांहीं साध्या गोष्टी संभाळाव्या लागतात. कंत्राटदाराविरुद्ध बोललेल्या मजुराचा चेहरा दिसला तर पुढल्या हंगामांत त्याला काम मिळणार नाहीं. संमति मागावयाची ती अंगठा किंवा सही घेऊन संपत नाहीं. चित्र कोठें व कोणापुढें दाखविलें जाईल हें त्याला कळलें पाहिजे. आणि भुकेल्या माणसानें दिलेली संमति, समोरचा जेवण देईल ह्या आशेनें दिलेली असूं शकते.

सर्वांत मोठी उणीव मात्र काळाची आहे. झोपडी पडते त्या दिवशीं कॅमेरा येतो, माणूस चालूं लागतो त्या दिवशीं येतो. झोपडी उभी होती तेव्हांचीं वीस वर्षें व माणूस पोहोंचल्यानंतरचे महिने चित्रांत येत नाहींत. २०२० च्या उत्तरार्धांत, गांवांत काम नाहीं म्हणून, हीच माणसें शहराकडे परतूं लागलीं. पण उलट्या दिशेनें जाणाऱ्या त्या गाड्यांचीं चित्रें किती थोडीं आहेत! परतीच्या प्रवासांत पाहणाऱ्याचें मन द्रवविणारें कांहीं नव्हतें. जुन्या खोलींत थकलेलें भाडें, दुसऱ्याला दिलेली जागा, पुन्हां नव्यानें घ्यावयाची उधारी, एवढेंच त्यांत होतें. आणि शहरांतलें घर मोडणें म्हणजे काय हें खरें त्यांतच दिसलें असतें.

अशा चित्रपटासाठीं सौंदडसारखी जागा उत्तम आहे, कारण येथें माणूस दोन्ही दिशांनीं जातांना दिसतो, आणि त्याला गांठण्यास आपत्तीची वाट पाहावी लागत नाहीं. भाऊबीजेपासून ह्या झाडीपट्टींत गांवोगांव मंडई भरूं लागते. बाहेर कामाला गेलेलीं माणसें जमेल तशीं त्यासाठीं गांवीं येतात. दंडार होते, रात्रभर नाटकें चालतात. मंडई आटोपली, धान घरीं आलें, कीं कोणाच्या घरांतील कोण कोठें जाणार ह्याच्या बोलण्या सुरू होतात. आगाऊ पैसे कोणीं दिले, पोरांना बरोबर न्यावें कीं म्हाताऱ्यांपाशीं ठेवावें, मागच्या खेपेची खोली मिळेल काय, ह्या गोष्टी तेव्हां ओसरीवर बसून ठरतात. ह्या दिवसांपासून आरंभ करून पुढें नागपूरच्या वस्तींतील खोलीपर्यंत आणि रोवणीला परत येईपर्यंत एका कुटुंबाबरोबर राहण्यास वर्ष लागेल. तो चित्रपट पुढच्या मंडईंत, नाटकाच्या मंडपांतच पांढरा पडदा लावून दाखवितां येईल. तेथें ज्यांचीं चित्रें घेतलीं तींच माणसें समोर बसलेलीं असतील आणि त्यांना उठून बोलतां येईल.